भाषेचा रकाना

मे संपता संपता आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर आठवीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांची रांग लागते. प्रत्येकाच्या हातात एक फॉर्म आणि फॉर्मवर एक छोटा रकाना: संस्कृत, जर्मन, फ्रेंच. एकापुढे बरोबरची खूण करायची. मी गेली अठ्ठावीस वर्षं पुण्यात जर्मन शिकवते आहे, त्यामुळे त्या रांगेतले प्रश्न मला तोंडपाठ आहेत. "मॅडम, स्कोअरिंग कुठलं?" "संस्कृतला पैकीच्या पैकी पडतात, जर्मनला पडतील ना?" अलीकडे एक नवा प्रश्न आला आहे: "आत्तापासून घेतली तर बारावीपर्यंत जर्मनची बी-टू लेव्हल होईल का? हिला पुढे तिकडेच पाठवायचंय."

या प्रश्नांना मी कधी नाक मुरडलं नाही. एकेका मार्काने प्रवेश हुकतो हे आईबापांनी पाहिलेलं असतं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाहीच. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि जर्मनचा विषय मध्यमवर्गाच्या बाहेरच्या घरांतही निघू लागला. भाषा पोटापाण्याच्या उपयोगी पडली तर चांगलंच आहे. पण इतक्या वर्षांत एकाही पालकाने मला विचारलं नाही, की ही भाषा बोलणारी माणसं कशी असतात आणि माझ्या मुलीला त्यांच्याशी गप्पा मारता येतील का. मुलंही विचारत नाहीत. तो प्रश्न त्यांच्या मनात यावा म्हणून हे पुस्तक केलं.

रकान्याची ओढाताण तशी जुनी आहे. विनोबांनी बडोद्याच्या हायस्कुलात फ्रेंच घेतली होती आणि मुलाने संस्कृत शिकावी असं त्यांच्या आईला वाटत होतं. पुढे ते संस्कृतही शिकले, आणि संस्कृत न समजणाऱ्या त्याच आईसाठी त्यांनी गीता मराठीत आणली. भाषा शिकायचं कारण कधीकधी एक माणूस असतं, हे मला या गोष्टीत फार आवडतं. माझ्या बाबतीतही तसंच झालं. त्या माणसाकडे मी थोड्या वेळाने येते.

आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी या पुस्तकात पाच भाषांची ओळख आहे: जर्मन, फ्रेंच, जपानी, स्पॅनिश आणि भारतीय सांकेतिक भाषा. पहिल्या चारांबद्दल मला कुणाला काही पटवून द्यावं लागलं नाही. मराठी मुलांना या भाषा शिकवताना एक आनंद मिळतो, तो मात्र सांगायला हवा. जर्मनमध्ये नामांना तीन लिंगं आहेत म्हटल्यावर इंग्रजीच्या आधाराने शिकणारी माणसं कपाळाला हात लावतात. आमच्या मुलांना त्याचं काहीच वाटत नाही, कारण तो, ती, ते घरचंच आहे. मुलगी या अर्थाचा 'मेडशन' हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे हे ऐकून वर्ग हसतो, पण 'ते पोर' म्हणणारी आजी प्रत्येकाच्या घरात असते, आणि मग हसू थांबतं. 'मी आजारी आहे म्हणून' असं सांगताना जर्मन माणूस 'वाइल इख क्रांक बिन' म्हणतो, क्रियापद शेवटी. मराठीत विचार करणारं मूल ते बरोबर बोलतं. इंग्रजीतून भाषांतर करणारं मूल चुकतं. मी मुलांना सांगते, इंग्रजीला जरा बाहेर बसवा, मराठीला आत घ्या.

एकदा नववीतल्या एका मुलीने मला अडवलं. 'वीर' म्हणजे आम्ही की आपण, असं तिने विचारलं. जर्मनमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीत 'आम्ही जेवायला चाललोय' आणि 'आपण जेवायला चाललोय' यांत समोरच्याला ताट मिळणार की नाही एवढा फरक आहे. आपल्याकडे एवढा बारीक भेद आहे हे त्या मुलीला जर्मन शिकताना समजलं. जपानीच्या वर्गात असंच नात्यांचं होतं. मोठ्या भावाला ओनीसान, मोठ्या बहिणीला ओनेसान, धाकट्यांना वेगळे शब्द. दादा आणि ताई म्हणणाऱ्या मुलांना ते शिकवावं लागत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाट गावातल्या जिल्हा परिषद शाळेची मुलं जपानी शिकू लागली, ती रोबोट आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने. कुठली भाषा शिकायची हे त्यांनाच विचारलं होतं. शहरातल्या शाळांनी त्या गावाकडून एवढं तरी उचलावं, की रकाना मुलाच्या हातात द्यावा.

आता पाचवी भाषा. पुस्तकाचा कच्चा खर्डा वाचून एका अनुभवी संपादकांनी मला प्रेमाने सुचवलं, की सांकेतिक भाषेचा भाग शेवटी परिशिष्टात टाकू, 'सामाजिक जाणीव' म्हणून. मी नाही म्हटलं. ती जर्मन आणि जपानीच्या रांगेतच राहील, तितक्याच पानांत आणि तितक्याच व्याकरणासह. हा हट्ट कुठून आला ते सांगण्यासाठीच ही प्रस्तावना इतकी लांबली आहे.

माझं आजोळ वाईचं. माझा मामेभाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. त्याला सगळं गाव एका नको त्या शब्दाने हाक मारायचं, तीही पाठीमागून, म्हणजे त्याला कळायचं नाही आणि आम्हा भावंडांना कळायचं. आम्ही त्याला दादा म्हणायचो. घरात चालतील अशा वीस-पंचवीस खुणा आम्ही मिळून तयार केल्या होत्या. ओंजळ तोंडाशी नेली की पाणी, कपाळावर बोट टेकवलं की मामी, दोन मुठी खांद्यांवरून खाली ओढल्या की मी, कारण तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या. पण 'काल तू का चिडलास' हे विचारायला आमच्याकडे खूण नव्हती. 'उद्या मला भीती वाटतेय' हे सांगायला त्याच्याकडे नव्हती.

तो ज्या शाळेत राहून शिकला तिथे हात बांधून बसायचं असा नियम होता. हाताने बोलला तर तोंडाने बोलणार नाही, अशी तेव्हाच्या शिक्षकांची प्रामाणिक समजूत होती. आरशासमोर बसवून, गळ्यावर हात ठेवून, 'प' आणि 'ब' यांतला फरक त्याला वर्षानुवर्षं घोटवला गेला. अकरा वर्षांनी तो बाहेर पडला तेव्हा त्याला तीसेक शब्द उच्चारता येत होते आणि ते घरच्यांखेरीज कुणाला समजत नव्हते. मग तो पुण्यात एका छापखान्यात खिळे जुळवायला लागला. हाताला अतिशय चलाख. उलटी अक्षरं भराभर ओळखून स्टिकमध्ये बसवायचा, हजारो पानं त्याने जुळवली. त्या पानांत काय लिहिलं आहे हे मात्र त्याला फारसं समजत नसे. अक्षर न् अक्षर ओळखणाऱ्या माणसाला वाक्य कळू नये, हे मी त्याच्या शेजारी उभं राहून पाहिलं आहे. आजही ते आठवलं की माझ्या घशात काहीतरी अडकतं.

पुण्यात त्याला रविवारी संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर जमणारी कर्णबधिर मंडळी भेटली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. सहा महिन्यांनी तो दिवाळीला वाईला आला आणि त्याने हातांनी मला एक लांबलचक हकिगत सांगितली. छापखान्याचा मालक, सायकल, पाऊस, कुणाचं तरी लग्न. मला चार आणेही समजलं नाही. पण त्याच्याकडे आता भाषा आहे आणि ती मला येत नाही, एवढं समजलं. तोपर्यंत त्याला येत नाही असं आम्ही म्हणायचो.

दादाच्या शाळेला दोष देऊन मी थांबू शकत नाही, कारण तो नियम त्या शाळेने काढलेला नव्हता. 1880 च्या सप्टेंबरमध्ये इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिरांच्या शिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे जमलेल्या, जवळजवळ सगळ्या ऐकू येणाऱ्या मंडळींनी ठराव केला की शिक्षणात खुणांपेक्षा वाचा श्रेष्ठ. युरोप-अमेरिकेतल्या अनेक शाळांतून हातांची भाषा गेली आणि तिच्याबरोबर कर्णबधिर शिक्षकही गेले. भारतातली कर्णबधिरांची पहिली शाळा त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबईत, माझगावला निघाली. आपल्याकडच्या शाळांना पुढे शंभर वर्षं हेच वारं लागलं. त्या ठरावाबद्दल याच परिषदेने जाहीर खेद व्यक्त केला तो 2010 मध्ये, व्हँकुव्हरला. मधली एकशेतीस वर्षं ज्यांची गेली त्यांतला एक आमचा दादा.

ही भाषा आहे, नुसते हातवारे नाहीत, हे पुराव्याने मांडलं ते विल्यम स्टोकी यांनी. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयात ते इंग्रजी शिकवायला आले होते. 1960 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की प्रत्येक खुणेचे सुटे घटक असतात: हाताचा आकार, जागा, हालचाल. 'पाट' आणि 'वाट' यांत एका वर्णाने अर्थ बदलतो, तसा तिथे हाताच्या जागेने बदलतो. आज अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हायस्कूलच्या मुलांना परभाषेच्या जागी अमेरिकन सांकेतिक भाषा घेता येते. तिथल्या महाविद्यालयांच्या 2013 च्या पाहणीत ती स्पॅनिश आणि फ्रेंचनंतर तिसऱ्या क्रमांकावर आली. तोवर ती जागा जर्मनची होती. जर्मनची शिक्षिका म्हणून मला ही बातमी गोड लागली.

आपल्या देशातल्या खुणांकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं ते 1970 च्या दशकाच्या अखेरीला. दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळुरू इथल्या खुणा गोळा करून चार शहरांचे चार कोश निघाले. त्या कामात मदन वसिष्ठ होते. ते स्वतः वयाच्या अकराव्या वर्षी बहिरे झालेले, पुढे गॅलॉडेटला शिकलेले. गावोगावच्या खुणांत फरक आहे, पण बरंच काही सारखं आहे, असं या कामातून दिसलं. उलरिकं त्सेशान या जर्मन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी पुढे व्याकरण मांडलं. खुणा शहरागणिक बदलल्या तरी वाक्याची घडण तीच राहते, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झालं. कोल्हापूरची मराठी आणि नागपूरची मराठी ऐकलेल्या माणसाला यात आश्चर्य वाटू नये.

ते व्याकरण थोडं जवळून दाखवते. या भाषेत प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. 'तुझं नाव काय' हे मराठीतल्या क्रमानेच हातावर येतं. नकारही शेवटी. प्रत्यय मात्र नाहीत. आपण शाळेत ज्या विभक्त्या घोकतो त्यांचं काम इथे दिशा करते. देण्याची खूण माझ्यापासून तुझ्याकडे गेली की मी तुला दिलं, तुझ्याकडून माझ्याकडे आली की तू मला दिलंस. कर्ता आणि ज्याला दिलं तो, दोघेही एका हालचालीत. भुवया हा तर व्याकरणाचाच भाग आहे. त्या वर गेल्या की साधं वाक्य होकार-नकाराचा प्रश्न होतं. इंग्रजी अक्षरं दोन हातांनी काढतात, आणि त्यांतले पाच स्वर डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर बसलेले आहेत, अंगठ्यावर ए पासून करंगळीवर यू पर्यंत. बाईची खूण नाकपुडीशी टेकवलेलं बोट, म्हणजे नथीची किंवा चमकीची जागा. पुरुषाची खूण मिशी. हे पाहिल्यावर ही भाषा परदेशातून आलेली वाटत नाही, आपल्याच ओसरीवर घडलेली वाटते. आणि ते आम्ही-आपणचं कोडं? 'आपण दोघं' म्हणताना दोन बोटं माझ्याकडून तुझ्याकडे, तुझ्याकडून माझ्याकडे हलतात. कोण आत आणि कोण बाहेर, ते डोळ्यांना दिसतंच.

कागदोपत्री या भाषेला बरे दिवस आले आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. 2015 मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन व प्रशिक्षण केंद्र झालं. त्या केंद्राच्या कोशात 2018 मध्ये 3,000 शब्द होते, 2021 मध्ये 10,000 झाले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर जपानी, कोरियन, फ्रेंच, जर्मन वगैरे परकीय भाषा द्याव्यात असं म्हटलं आहे, आणि दोनच परिच्छेद पुढे सांकेतिक भाषेचं प्रमाणीकरण करावं असंही. 2021 मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने ती माध्यमिक स्तरावर भाषा विषय म्हणून आणली. म्हणजे दार उघडं आहे. पण आमच्या ऑफिसबाहेरच्या त्या फॉर्मवर तिला अजून रकाना नाही.

याहून मला खुपते ती दुसरी गोष्ट. कर्णबधिर विद्यार्थ्यांना परीक्षा मंडळं भाषा विषयांत सवलत देतात. एखादी भाषा सोडून द्या, त्याऐवजी दुसरा विषय घ्या. सवलत चांगल्या मनाने दिलेली आहे आणि आजच्या परिस्थितीत ती काढूही नये. पण तिच्याकडे नीट पाहा. ज्या मुलाचे हात दिवसभर एक भाषा बोलत असतात त्याला आपण सांगतो, की भाषेतून तुला सूट. त्याची स्वतःची भाषा त्या मुलाला प्रथम भाषा म्हणून घेता आली, तिच्यात गोष्ट, निबंध, वादविवाद सादर करून मार्क मिळवता आले, तर? दक्षिण आफ्रिकेत हे 2018 पासून होतं आहे. तिथली कर्णबधिर मुलं शालान्त परीक्षेला सांकेतिक भाषा घरची भाषा म्हणून देतात, आणि 2023 मध्ये ती त्या देशाची बारावी अधिकृत भाषा झाली. 2011 च्या जनगणनेत आपल्याकडे ऐकण्याचं अपंगत्व नोंदलेली माणसं 50 लाखांच्या वर होती. त्यांतल्या सगळ्यांची भाषा सांकेतिक नाही, वार्धक्याने ऐकू कमी आलेलेही त्यात आहेत. पण ज्या मुलांची आहे त्यांचा हक्क पहिला, माझ्या वर्गातल्या ऐकू येणाऱ्या मुलांची हौस नंतर.

श्रवणयंत्रं, कॉक्लिअर इम्प्लांट, वाचाउपचार यांच्याशी माझं भांडण नाही. ज्या बाळाला त्यांचा उपयोग होतो त्याला ते वेळेत मिळायलाच हवेत. बाळाची भाषा मात्र मशीन बसण्याची वाट पाहत थांबू शकत नाही, एवढंच मी तरुण आईबापांना सांगत असते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शनिवारचा एक तास सुरू केला. नववीची मुलं, ऐच्छिक वर्ग, परीक्षा नाही. शिकवायला आले ते सर स्वतः कर्णबधिर. पहिल्या दिवशी त्यांनी आत येऊन बटण दाबलं, दिवे गेले, पुन्हा लागले, आणि सदतीस मुलं एकदम गप्प झाली. मग त्यांनी बाकं हलवायला लावली. एकामागे एक बसून ही भाषा बोलता येत नाही, सगळ्यांना सगळ्यांचे हात दिसले पाहिजेत, म्हणून अर्धवर्तुळ. वहीत लिहायला मान खाली घालणाऱ्या मुलाच्या खांद्यावर ते थोपटायचे, कारण मान खाली गेली की वाक्य निसटलं. आमची मुलं मोबाईलकडे पाहत पाहत बोलतात. इथे चाळीस मिनिटं माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावं लागलं, आणि पहिल्या आठवड्यात त्याने ती अक्षरशः दमली. तिसऱ्या शनिवारी सरांनी प्रत्येकाला खुणेचं नाव दिलं. कुणाची गालावरची खळी, कुणाचा सारखा वर सारायचा चष्मा. नाव मिळवायला रांग लागली होती. वर्ग संपताना टाळ्यांऐवजी सगळे हात वर जाऊन पानांसारखे हलत राहिले.

त्या वर्षी आमच्या बस स्टॉपजवळच्या नारळपाणीवाल्याशी दोन मुलं बोलायला लागली. तो कर्णबधिर आहे हे मला सात वर्षं माहीत होतं. मी बोटाने एक नारळ मागायचे आणि पैसे द्यायचे. मुलांनी त्याला विचारलं, तुमचं गाव कुठलं.

शाळांना माझी एकच कळकळीची विनंती आहे. हा विषय सुरू करायचा असेल तर शिकवायला कर्णबधिर शिक्षक आणा. पंधरा दिवसांचा कोर्स केलेली, ऐकू येणारी हौशी व्यक्ती आणू नका, राष्ट्रगीताला हात हलवून दाखवायचा कार्यक्रम बसवून विषय उरकू नका. मराठी शब्दांखाली एकेक खूण लावत गेलं की त्याला सांकेतिक भाषा म्हणत नाहीत, जसं इंग्रजी क्रमाने जर्मन शब्द मांडले की जर्मन होत नाही. आणि 'सेवा' हा शब्द वर्गाबाहेर ठेवा. मी गटेच्या देशाची भाषा शिकले तेव्हा जर्मन लोकांची सेवा करते आहे असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

पुस्तक कसं वापरायचं याबद्दल थोडंसं. बोलायच्या चार भाषांचे पाठ क्रमाने घेतले तर बरं, कारण प्रत्येक ठिकाणी मराठीशी तुलना पुढे वाढत जाते. सांकेतिक भाषेच्या पाठांत चित्रं आहेत, पण चित्र थांबलेलं असतं आणि खूण हलते, म्हणून चित्रांच्या भरवशावर राहू नये. दिल्लीच्या केंद्राच्या कोशाचे व्हिडिओ मोफत पाहायला मिळतात, ते पाहावेत, आणि त्याहून आधी आपल्या गावात ही भाषा बोलणारं माणूस शोधावं. तुमच्याकडची खूण पुस्तकाहून वेगळी निघाली तर तिथलीच शिका.

चित्रांसाठी दादा तीन दिवस चित्रकार मुलीसमोर बसला. आता तो त्रेसष्ट वर्षांचा आहे. तिसऱ्या पाठात बोटांवरचे स्वर आहेत. शेवटच्या चित्रातली करंगळी पहिल्या पेरापाशी वाकडी दिसेल. ती छापखान्यात ट्रेडलच्या मशीनमध्ये सापडली होती. चित्रकार मुलीने मला विचारलं, सरळ काढू का? मी दादाकडे वळून विचारलं. त्याने दोन मुठी खांद्यांवरून खाली ओढून मला हाक मारली, करंगळी उंच धरली, आणि तशीच काढायला सांगितली.